दीडपट उंचीच्या आत

ओळीत चौदा घरं होती. अकरा घरांच्या दारांना कुलपं होती, दोन घरांना दारंच उरली नव्हती आणि एका घरापुढच्या दोरीवर कपडे वाळत होते. गल्लीत दिव्याचे खांब पाच, त्यातला लागणारा एक. नळ तीन, त्यातला पाणी येणारा एक. लागणारा दिवा आणि पाणी येणारा नळ हे दोन्ही ओळीच्या शेवटच्या टोकाला, कपडे वाळत होते त्या घरापाशी होते. यात योगायोग काही नव्हता. काटेताईंनी कारखान्याच्या शेवटच्या मॅनेजरच्या मागे हात धुऊन लागून ते चालू ठेवून घेतले होते. पुढे कारखाना बंद झाला, मॅनेजर गेला. दिवा आणि नळ मात्र राहिले.

कारखाना कागदाचा होता. फाटकाजवळ ट्रक तोलायचा मोठा काटा होता आणि त्या काट्यावर काटेताईंची सगळी नोकरी झाली. त्यांचं खरं नाव पगाराच्या कागदापुरतं. ड्रायव्हर लोक म्हणायचे, "या बाईंच्या काट्यावर माशी बसली तरी पावतीत दिसते." ताईंना ते ऐकून बरं वाटायचं, पण चेहऱ्यावर दिसू द्यायच्या नाहीत. तोलताना ड्रायव्हर केबिनमध्ये बसून राहिला तर त्या काचेवर पेनाने टकटक करून म्हणायच्या, "उतरा. तुम्हाला विकत घ्यायचं नाहीये."

आता काट्याची केबिन सोडली तर कारखान्यात उभं असं एकच उरलं होतं, ते म्हणजे धुराडं. विटांचं, बुंध्याशी रुंद, वर निमुळतं होत गेलेलं. तेही पाडायचं ठरलं.

पाडकामाचा इंजिनियर पहिल्यांदा आला तेव्हा त्याने सगळ्या दारांवर टकटक केली आणि शेवटच्या दारातून आवाज आल्यावर तो दचकला.

"इथे कोणी राहतं?"

"राहतं म्हणजे? दिसत नाही का?" काटेताई म्हणाल्या. "चप्पल बाहेर काढा. चहा घेणार?"

इंजिनियर पोरसवदा होता, पण कामाचा वाटला. चहा पिता पिता त्याने सरळ सांगितलं. धुराड्याच्या मध्यापासून त्याच्या दीडपट उंचीचं वर्तुळ काढायचं. ज्या घराचा जवळचा कोपरा त्या वर्तुळात येईल ते घर आधी पाडायचं, आणि तिथे कोणी राहत असेल तर त्याने कायमचं दुसरीकडे जायचं. जे घर बाहेर राहील त्याला कोणी हात लावणार नाही.

"मग उंची किती आहे?" ताईंनी विचारलं.

"तेच तर. नकाशे कोणाकडे नाहीत. कारखान्यातले जुने लोक पंचेचाळीस मीटर म्हणतात."

"जुने लोक काहीही म्हणतात."

"म्हणून मोजायचीय. पण आमचं यंत्र दुसऱ्या साइटवर अडकलंय. येत्या आठवड्यात आणतो." त्याने कप खाली ठेवला आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "ताई, काळजी करू नका. तुमचं घर अगदी टोकाला आहे. वाचेलसुद्धा."

काटेताईंनी मान हलवली. तो गेल्यावर बराच वेळ त्या दोन्ही कप समोर ठेवून बसून राहिल्या. दोन कप एकदम बाहेर निघाल्याला खूप दिवस झाले होते.

घर वाचावं असं त्यांना वाटत नव्हतं. ही गोष्ट त्यांनी कोणालाही सांगितली नव्हती. सांगायला कोणी नव्हतं हे एक, आणि असतं तरी सांगितली नसती हे दुसरं. निवृत्त झाल्या तेव्हा धाकटा भाऊ त्यांना न्यायला आला होता. भावजयीने खोली झाडून, गादीला ऊन दाखवून ठेवलं होतं. आणि काटेताई फोनवर, भावजयीलाच म्हणाल्या होत्या, "मला कोणाच्या घरात कोपरा धरून बसायची सवय नाही. माझं घर आहे." भावजय "बरं" म्हणाली होती. त्यानंतर भावाचा फोन दर रविवारी यायचा. हवा, तब्येत, भाच्यांचे अभ्यास. पण "येतेस का" हे त्या घरातून पुन्हा कोणी म्हटलं नाही. ताईंनी स्वतःहून विचारायचं म्हणजे बोललेलं गिळायचं, आणि ते त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं. ओळीतली घरं एक एक करून रिकामी झाली, संध्याकाळी बोलायला कोणी उरलं नाही, तरी उतरलं नाही.

घरच पडलं तर मात्र गोष्ट वेगळी होती. मग कोणी विचारायला नको आणि कोणी नमतं घ्यायला नको. नाइलाज झाला, एवढंच म्हणायचं.

म्हणून त्यांना उंची हवी होती, आणि यंत्र येईपर्यंत थांबणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. इंजिनियरला मदतीला बोलावता आलं असतं. पण मग कशाला हवीय हेही सांगावं लागलं असतं.

आधी त्यांनी अंतर मोजलं. बुंध्याभोवती टेप फिरवला तेव्हा घेर दहा मीटर अडुसष्ट सेंटीमीटर भरला. म्हणजे व्यास तीन मीटर चाळीस, आणि मध्य कडेपासून एक मीटर सत्तर आत. तिथून त्यांच्या घराच्या जवळच्या कोपऱ्यापर्यंत त्रेसष्ट मीटर चाळीस सेंटीमीटर. दीडने भागलं. बेचाळीस मीटर सत्तावीस. धुराडं याहून उंच असलं तर घर जाणार, बुटकं असलं तर राहणार.

उंची सावलीवरून काढायची हे शाळेत शिकलेलं होतं आणि ते त्या विसरल्या नव्हत्या. उन्हं कलली की धुराड्याची सावली काट्यापुढच्या काँक्रीटच्या अंगणात पडायची, आणि ते अंगण ट्रकसाठी मुद्दाम सपाट केलेलं होतं. ऊन सगळ्यांवर एकाच कोनात पडतं. म्हणून उभी काठी आणि तिची सावली यांचं जे प्रमाण, तेच धुराडं आणि त्याच्या सावलीचं. काठीची उंची माहीत, दोन्ही सावल्या मोजता येतात, उरतं ते एक.

अडचण काठीची झाली. काँक्रीटमध्ये काठी रोवता येईना. हाताने धरली तर ती सरळ राहायची, पण मग तिच्या सावलीच्या टोकाशी खूण करायला हात पोचत नव्हता. एकाने धरायची आणि दुसऱ्याने खूण करायची, असं ते काम होतं. ताईंनी बादलीत खडी भरली आणि तिच्यात केरसुणीचा दांडा उभा केला. दांडा एका अंगाला कलला. सरळ केला तर दुसऱ्या अंगाला कलला. वाऱ्याची झुळूक आली आणि बादलीसकट सगळं आडवं झालं.

"घे," ताई बादलीला म्हणाल्या, "तूपण जा सुट्टीवर."

अंगणात त्यांचाच आवाज काट्याच्या केबिनवर आपटून परत आला. खाली सांडलेली खडी गोळा करायला त्या वाकल्या तेव्हा त्यांची स्वतःची सावली काँक्रीटवर वाकली, आणि त्यांच्या लक्षात आलं की काठीची गरजच नाही. उभं राहायला आपण आहोत की.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर त्या खडू आणि टेप घेऊन गेल्या. धुराड्याच्या सावलीचं टोक जवळून पाहिलं तर रेघेसारखं नव्हतं. गडद भाग संपून ऊन सुरू होईपर्यंत मीटरभराचा पुसट पट्टा होता. सूर्य काही टिंब नाही, थाळीएवढा आहे, त्यामुळे इतक्या उंच वस्तूची कड धूसरच पडते. ताईंनी पट्ट्याच्या मध्यावर खडूने आडवी रेघ ओढली आणि ती बाजूच्या उन्हात लांबवली. मग चपला काढल्या, कारण चपलेची जाडी उंचीत यायला नको. काँक्रीट तापलेलं होतं. त्या धुराड्याच्या सावलीला लागून उन्हात ताठ उभ्या राहिल्या आणि डोक्याची सावली बरोबर रेघेला टेकेपर्यंत मागे मागे सरकल्या. टेकली. तशाच खाली बसून त्यांनी पावलांपाशी खूण केली.

उभ्या असताना क्षणभर दोन सावल्या शेजारी शेजारी पडल्या होत्या, एक अंगण पार करून आलेली आणि एक त्यांची, दोघींची टोकं एका रेघेवर. त्या अंगणात त्यांच्या शेजारी कोणी उभं राहिल्याला वर्षं लोटली होती.

मापं अशी. त्यांची सावली दोन मीटर सहा सेंटीमीटर. धुराड्याची, बुंध्याच्या कडेपासून, पंचावन्न मीटर सत्तर. पण सावलीचं टोक पाडते ती वरच्या तोंडाची कड, आणि धुराडं निमुळतं असल्यामुळे ती कड बुंध्याच्या कडेपेक्षा आत असते. किती आत, हेही ताईंना काढता आलं. वरच्या तोंडाला बसवायचं लोखंडी कडं एकदा त्यांच्याच काट्यावरून तोलून गेलं होतं. ट्रकच्या हौद्यात ते आडवं मावत होतं आणि त्याची रुंदी एक मीटर ऐंशी होती. म्हणजे वर निम्मा व्यास नव्वद, खाली एकशे सत्तर, फरक ऐंशी. सावली छपन्न मीटर पन्नास धरायची.

उरली त्यांची स्वतःची उंची. ती पाठ होती. नोकरीला लागताना कारखान्याच्या डॉक्टरने मोजली होती : एकशे अठ्ठावन्न सेंटीमीटर.

उत्तर आलं त्रेचाळीस मीटर तेहतीस. त्याची दीडपट पासष्ट. घर वर्तुळात.

एकदा मोजून विश्वास ठेवणाऱ्यांपैकी त्या नव्हत्या. पुढच्या दिवशी वेगळ्या वेळी, वेगळ्या लांबीच्या सावलीवर पुन्हा मोजलं. त्रेचाळीस मीटर वीस. तरी वर्तुळातच.

रविवारची वाट न बघता त्यांनी फोन लावला. फोन भावजयीने उचलला.

"वन्सं? आज कसा काय फोन? सगळं ठीक ना?"

"ठीक आहे. म्हणजे, घर पाडताहेत माझं."

"अगंबाई! कोण?"

ताईंनी सांगितलं. दीडपट, वर्तुळ, कोपरा, सगळं. "तेव्हा आता नाइलाज आहे," त्या शेवटी म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी आधीच मनात घोकून ठेवलं होतं, त्यामुळे ते जरा भरभर आलं.

"मग इकडेच या की. दुसरीकडे कुठे जाणार?" भावजय लगेच म्हणाली. मग पलीकडे वळून ओरडली, "अहो, ऐकलंत का? वन्सं येताहेत. घर पाडताहेत त्यांचं!" आणि पुन्हा फोनमध्ये, "आता आमचं काही खरं नाही. मिठाची बरणीसुद्धा तोलून ठेवावी लागेल."

"मीठ नाही तोलत मी. तेल तोलते."

भावजय हसली. ताईही हसल्या. फोन ठेवल्यावरही काही वेळ त्यांच्या चेहऱ्यावर ते हसू तसंच राहून गेलं होतं. मग त्यांनी माळ्यावरची ट्रंक खाली काढली, हिवाळ्याचे कपडे आधी भरले, नको असलेली भांडी वेगळी केली. काम करताना त्या गुणगुणत होत्या आणि स्वतःचंच गुणगुणणं ऐकून मध्येच थांबल्या.

इंजिनियर यंत्र घेऊन आला तेव्हा ट्रंक दारातच होती. त्याने अंगणात तिपाई उभी केली, डोळा लावला, जागा बदलून पुन्हा लावला. ताई दोरीवरचे कपडे काढत त्याच्याकडे बघत होत्या.

"ताई!" तो लांबूनच हात उंचावून ओरडला. "घर वाचलं! एकेचाळीस मीटर वीस. वर्तुळ एकसष्ट ऐंशीवर थांबतंय. तेरा घरं गेली, तुमचं एकटीचं राहिलं!"

काटेताईंच्या हातात टॉवेल होता. त्यांनी तो घडी केला, उघडला आणि परत घडी केला.

"यंत्र बघा जरा," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या साइटवर आपटलं असेल."

"काल तपासून आणलंय."

"मी पण मोजलंय. दोनदा."

तो थट्टा करेल असं त्यांना वाटलं होतं. पण तो आत आला, खाली बसला आणि त्यांनी पाठीमागच्या बाजूला आकडे लिहिलेलं कॅलेंडरचं पान नीट वाचू लागला. निमुळत्या कडेचे ऐंशी सेंटीमीटर पाहून त्याने भुवया उंचावल्या. "हे तर मीही विसरलो असतो," तो म्हणाला. मग त्याने दोन्ही दिवसांचे आकडे बोटाने जुळवून पाहिले.

"दोन वेगळ्या वेळा, सावल्या वेगळ्या, आणि चूक दोन्हीकडे जवळजवळ तेवढीच, एकाच दिशेला," तो म्हणाला. "म्हणजे मोजण्यात चूक नाही. दोन्ही हिशोबांत जे तेच होतं, त्यात चूक आहे. तेच काय होतं?"

"मी," ताई म्हणाल्या.

त्याने त्यांच्याकडे पाहिलं. मग पानावरच्या एकशे अठ्ठावन्नकडे. मग पुन्हा त्यांच्याकडे, जरा संकोचून. "ही उंची कधीची?"

"नोकरीला लागले तेव्हाची."

"मग पुन्हा नाही मोजली?"

"कोण मोजणार?"

त्या रागाने म्हणाल्या नव्हत्या. प्रश्न खराच होता. बाकी सगळं एकट्याने मोजता येतं. घेर, अंतर, सावली. स्वतःच्या डोक्यावर पट्टी आडवी ठेवून ती न हलवता मागे वळून बघता येत नाही.

"उभ्या राहा इथे," इंजिनियर म्हणाला. "टाचा चौकटीला. हनुवटी सरळ." ताई दाराच्या चौकटीला पाठ लावून उभ्या राहिल्या. त्याने कागद अडकवायची पाटी त्यांच्या डोक्यावर आडवी धरली आणि ती सपाट आहे ना हे बघायला दुसऱ्या हाताने केस हलकेच दाबले. ताईंनी डोळे मिटले. डोक्यावर कोणाचा हात टेकला नव्हता, किती तरी वर्षांत.

"सरका."

चौकटीवर पेन्सिलीची बारीक रेघ होती, त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा खाली. टेप लावला. एकशे एक्कावन्न.

"सगळ्यांचं होतं, ताई. मणक्यातल्या चकत्या झिजतात. माझी आजी तर..." तो मध्येच थांबला आणि त्याने पानावर नवा हिशोब मांडला. एकशे एक्कावन्न धरून धुराडं एकेचाळीस मीटर एकेचाळीस येत होतं. "बघा! यंत्रापेक्षा फक्त एकवीस सेंटीमीटर जास्त. तो पुसट पट्टा असतो ना, त्याच्यात तेवढं जाणारच. खडूने एवढं आलं म्हणजे कमाल आहे. चला, घर वाचल्याचा चहा तरी पाजा."

त्यांनी चहा पाजला. तो गेला. जाताना त्याने तेरा घरांवर पिवळ्या रंगाने फुल्या मारल्या आणि चौदाव्याला हात हलवून निरोप दिला.

काटेताई ट्रंकेवर बसल्या. तेरा घरं पडली की त्यांच्या भिंतीला लागून मोकळं मैदान होणार, आणि त्या मैदानाच्या कडेला एक दिवा, एक नळ आणि एक घर. भावजयीला काहीच सांगितलं नाही तर? धुराडं त्रेचाळीस मीटरचं होतं असं राहू दिलं, तर कोण बघायला येणार आहे? इंजिनियरचा आकडा त्या घरापर्यंत कधीच पोचणार नव्हता. ट्रंक भरलेली होती. गाडी बोलवायची आणि निघायचं.

त्यांनी हे शांतपणे, सगळ्या बाजूंनी पाहिलं. सोपं होतं. फक्त, भावजय जेवताना कधीतरी कोणाला सांगणार, बिचाऱ्यांचं घर पाडलं हो. आणि आपण ताटात बघत बसणार. रोज. चुकीच्या वजनाची पावती फाडून खिशात ठेवल्यासारखं.

त्यांनी फोन लावला.

"बोला वन्सं, गाडी ठरली का?"

"माझी मोजण्यात चूक झाली. घर राहतंय."

पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला.

"म्हणजे... पाडत नाहीत?"

"नाही. माझ्या घरापर्यंत येत नाही ते."

"अच्छा. बरं झालं की. तुमचं घर तुमच्याकडे राहिलं." भावजयीचा आवाज नीट होता, पुसून ठेवलेल्या ओट्यासारखा. "मग मी यांना सांगते, वन्सं येत नाहीत म्हणून."

काटेताईंनी फोन या कानावरून त्या कानावर घेतला.

"यायचंय मला," त्या म्हणाल्या.

"काय?"

"घर राहिलं तरी. यायचंय. तुम्हाला चालणार असेल तर."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"तेव्हा काय म्हणाला होतात, आठवतं का वन्सं?"

"आठवतं."

"मलाही आठवतं. दोन दिवस गादी उन्हात टाकली होती मी."

"माहितीय."

"माहितीय म्हणे." भावजयीने नाक ओढलं. रडत होती की चिडली होती ते ताईंना कळेना. मग तिचा आवाज एकदम रोजचा झाला. "ते तुमचं लोखंडी कपाट आणणार आहात का? आणणार असलात तर माळ्याखाली एकच जागा आहे. तुम्ही येणार म्हणालात तेव्हाच मी टेप लावून बघितलं होतं, एकशे पंच्याऐंशी आहे. तुमचं बसतंय का बघा. आणि अंदाजे सांगू नका हं, मग इथे आणून उभं राहायचं नाही म्हणजे पंचाईत."

"थांब. ठेवू नकोस."

त्यांनी फोन पलंगावर ठेवला, टेपचं टोक पायाच्या अंगठ्याखाली दाबून धरलं आणि पट्टी कपाटाला लावत वर नेली. वरची कड दिसत नव्हती. मग टोकावर ट्रंकेचं कुलूप ठेवलं, स्टूल ओढलं, त्यावर चढल्या आणि डोळा कडेच्या पातळीला आणून आकडा वाचला.

एकशे त्र्याऐंशी सेंटीमीटर.